नुसत्या रिंगांनी इंजिन उभे राहत नाही

पिस्टन रिंग हा इंजिनातल्या स्वस्त भागांपैकी एक. तरीही मोडकळीला आलेल्या इंजिनाची सगळी आशा तिच्यावरच टाकली जाते. मोटार निळा धूर मारू लागली, ऑईल खाऊ लागली, चढावर दम तोडू लागली की निदान ठरलेले असते: रिंगा गेल्या, नव्या टाका. मोरा बंदरापासून उरणमार्गे पनवेलपर्यंतच्या रस्त्यावर असो वा राज्यातल्या कुठल्याही गावात, जुन्या मोटारीच्या मालकाला हा सल्ला हमखास मिळतो. हेड उतरवायचे, पिस्टन बाहेर काढायचे, नवा रिंगसेट चढवायचा, जमल्यास बेअरिंग बदलायची आणि गाडी परत द्यायची. याला गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणतात.

या सल्ल्याच्या पोटात पाच समजुती आहेत. धूर दिसला म्हणजे दोष रिंगचाच. नवी रिंग झिजलेल्या बोअरची भरपाई करते. झीज जास्त असेल तर एक साइझ मोठी रिंग टोके घासून बसवता येते. रिंग जितकी ताठ आणि कडक, तितके कॉम्प्रेशन चांगले. आणि बंदरावरच्या बोटींना जे दर हंगामात चालते, ते मोटारीलाही चालते. यातल्या प्रत्येकीत थोडे तथ्य आहे, म्हणून त्या टिकून आहेत. पण त्यांच्यावर विसंबून केलेले काम उलट्या क्रमाने होते. रिंगची निवड सिलिंडर आणि पिस्टन मोजून झाल्यावर होते, आणि बहुतेक वेळा ती मापे हाती आली की निवडायला फारसे काही उरतही नाही.

समजुतीचे मूळ

हा सल्ला देणारे अडाणी होते असे मानणे अन्यायाचे ठरेल. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही परवाना-कोट्याच्या काळाची प्रातिनिधिक गाडी. मूळ फियाट ११०० चे १०८९ सीसीचे इंजिन, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. त्या दशकांत नवी गाडी मिळायला वर्षे लागत आणि हव्या त्या साइझचा पिस्टनसेट वेळेवर मिळेल याची खात्री नसे. इंजिन बीडाचे, फेरे कमी, रिंगा रुंद. अशा गाडीत नव्या रिंगा टाकून तिला आणखी एक पावसाळा धंद्यावर ठेवणारा मेकॅनिक मालकाचे पोटच वाचवत होता.

मात्र टंचाईतली तडजोड पुढे नियम होऊन बसली. आज बहुतेक प्रचलित मोटारींचे ओव्हरसाइझ पिस्टन किंवा स्लीव्ह मिळतात, पनवेलसारख्या ठिकाणी बोअरिंग-होनिंगची सोय सहज होते, आणि इंजिनेही बदलली आहेत. कारण संपले, पण सल्ला राहिला.

धूर कुठून येतो, ते आधी

ऑईल जळण्याच्या वाटा अनेक आहेत. व्हॉल्व्हची ऑईल सील कडक होऊन फाटली की हेडमधले ऑईल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपते. अशी गाडी रात्रभर उभी राहून सकाळी चालू केल्यावर निळ्या धुराचा एक लोट सोडते आणि मग शांत होते. किंवा कर्नाळ्याच्या खिंडीतून उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असता आणि उतार संपल्यावर पुन्हा दाबला असता धूर दाखवते. रिंग आणि बोअर झिजलेले असतील तर धूर चढावर, भाराखाली, सतत दिसतो. शिवाय ऑईल टाकायचे झाकण उघडले की आतून वाफेसारखा वायू धापा टाकल्यागत बाहेर येतो. यालाच मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. क्रँककेसचा श्वासमार्ग कार्बनने तुंबला असेल तरीही ऑईल ढकलले जाते, आणि तिथे रिंगेचा काहीही दोष नसतो.

हा फरक पाडणारी चाचणी सोपी आहे. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजायचे. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून तेच पुन्हा मोजायचे. ऑईलमुळे रिंग आणि बोअर यांतली फट तात्पुरती बुजते. आकडा चांगलाच वर चढला तर गळती पिस्टनच्या बाजूने आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह सीट किंवा हेड गॅस्केट संशयित. एवढे न करता रिंगसेट मागवणे म्हणजे ताप कशाचा ते न पाहता औषध देणे.

पिस्टनच्या बाजूने गळती ठरली तरी रिंग झिजलीच असे नाही. ऑईल वेळेवर न बदललेल्या गाडीत कार्बन साचून रिंगा खाचेत जाम होतात आणि ऑईल रिंगच्या मागची भोके बुजतात. अशा पिस्टनच्या खाचा नीट साफ करून भोके मोकळी केली की दोष मुळातूनच जातो. ऑईल रिंगच्या मागची भोके तशीच ठेवून नवी रिंग बसवली तर काही महिन्यांत तीही जाम होते.

रिंग सील कशी करते

ताठ रिंग म्हणजे चांगली रिंग, ही समजूत रिंगचे काम न कळल्यामुळे आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने वाफेच्या इंजिनासाठी कापलेली, स्वतःच्या स्प्रिंगने बाहेर दाबणारी धातूची रिंग रूढ केली. आजची रिंग तिचीच वारस आहे. पण पेट्रोल वा डिझेल इंजिनात ही स्प्रिंग कामाचा लहान हिस्सा उचलते. वरच्या रिंगचा स्वतःचा भिंतीवरचा दाब साधारण एक-दोन बार असतो. उलट जळणाच्या क्षणी सिलिंडरात पेट्रोल इंजिनातही पन्नास बारच्या घरात दाब उसळतो आणि डिझेलमध्ये त्याहून बराच जास्त. हा वायू रिंगच्या वरून खाचेत शिरतो, तिला खाली खाचेच्या तळाशी आणि बाहेर भिंतीशी दाबतो. सील होते ती या दाबाने. रिंगच्या स्प्रिंगने फक्त सुरुवातीचा संपर्क राखायचा असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, वायूला रिंगच्या मागे जायला वाट हवी, म्हणजे खाचेत मोजका साइड क्लिअरन्स हवा. बहुतेक मोटारींत तो ०.०३ ते ०.०८ मिमी असतो. खाच सपाट आणि भिंत गोल नसेल तर कितीही ताठ रिंग ही वाट नीट राखू शकत नाही. दुसरी, ताण वाढवल्याने सील त्या प्रमाणात वाढत नाही, घर्षण मात्र वाढते. इंजिनातल्या अंतर्गत घर्षणात पिस्टन आणि रिंगांचा वाटा मोठा असतो; म्हणूनच उत्पादक गेली काही दशके रिंगा बारीक करत आले आहेत. जुन्या इंजिनांतल्या दोन मिमी आणि त्याहून रुंद रिंगांच्या जागी आता एक-सव्वा मिमीच्या रिंगा दिसतात. बारीक रिंग हलकी असते, जास्त फेऱ्यांवर खाचेत फडफडत नाही आणि झिजलेल्या भिंतीच्या बारीक वळणांशी जुळवून घेते. जाड म्हणून दमदार, हा हिशेब इथे लागू होत नाही.

दुसरी आणि तिसरी रिंग याहून वेगळ्या कामाच्या आहेत. दुसरी रिंग थोडा वायू अडवते, पण तिचे मुख्य काम तेल खरवडणे. म्हणून तिचा चेहरा किंचित उतरता किंवा खालच्या कडेला आकड्यासारखा असतो. ती उलटी बसली तर तेल खाली ओढण्याऐवजी वर चढवते, आणि नव्या रिंगा टाकूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त ऑईल खाते. रिंगवर ‘टॉप’ असा शब्द, एखादे अक्षर किंवा ठिपका कोरलेला असतो. ती खूण असलेली बाजू पिस्टनच्या डोक्याकडे ठेवायची असते; ती कंपनीची शोभा म्हणून कोरलेली नसते. तिसरी ऑईल रिंग हल्ली बहुधा तीन तुकड्यांची असते: वर-खाली दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये एक्स्पँडर. एक्स्पँडरची टोके एकमेकांवर चढली तर तो सिलिंडर पहिल्या दिवसापासून धूर मारतो.

झिजलेल्या बोअरचे गणित

सिलिंडर सरळ नळीसारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून परत वळते तिथे झीज सर्वांत जास्त असते, कारण तिथे उष्णता सर्वाधिक, तेल सर्वांत कमी, वायूचा दाब सर्वोच्च आणि रिंगचा वेग क्षणभर शून्य झाल्याने तेलाचा थर तुटतो. खाली पिस्टन पोचत नाही तिथला भाग जवळजवळ मूळ मापाचा राहतो. म्हणजे बोअर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता होतो. कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या रेट्याने पिस्टन एका बाजूला जास्त दाबला जातो, म्हणून तो लंबगोलही होतो.

या निमुळत्या नळीत रिंग काय करते ते आकड्यांत पाहावे. ६८ मिमी बोअरला वरच्या रिंगची टोकाची फट, म्हणजे एंड गॅप, साध्या पेट्रोल इंजिनात बोअरच्या ०.४ टक्के धरली तर ०.२७ मिमी येते. ही फट सोय म्हणून ठेवलेली नसते. रिंग भिंतीपेक्षा शंभर अंश सेल्सिअसने जास्त तापली तर बीडाच्या प्रसरणामुळे तिचा परीघ ०.२३ मिमीच्या आसपास वाढतो. फट त्याहून कमी असेल तर टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते, बोअर खरवडला जातो आणि पिस्टनची लँड, म्हणजे दोन खाचांमधला पट्टा, तुटते. आता वरची झीज ०.१५ मिमी असेल, तर व्यासाच्या ३.१४ पट परीघ या नियमाने त्या जागी फट ०.४७ मिमीने वाढून ०.७४ मिमी होते. म्हणजे जळणाच्या क्षणी, जिथे सील सर्वांत महत्त्वाची, तिथे नवीकोरी रिंगसुद्धा जवळपास तिप्पट फट घेऊन उभी असते. शिवाय मिनिटाला ३००० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वरखाली जातो, आणि प्रत्येक वेळी ही फट उघडते-मिटते. रिंग खाचेत आत-बाहेर होत राहते आणि खाचही झिजवते. लंबगोलपणा तर रिंग भरूनच काढू शकत नाही. उरलेल्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून वायू खाली आणि तेल वर जात राहते.

नव्या रिंगांनंतर काही दिवस धूर कमी होतो हे खरे. नव्या ऑईल रिंगची ताकद ताजी असते, खाचा साफ झालेल्या असतात, ऑईलही नवे असते. पण बोअर जसाच्या तसा असल्याने हा फायदा लवकर विरतो. त्या काही दिवसांच्या गुणावरच ही समजूत उभी आहे.

मोठ्या साइझची घासलेली रिंग

बोअर झिजला तर एक साइझ मोठी, म्हणजे २० साइझची रिंग स्टँडर्ड बोअरमध्ये टोके घासून बसवावी, हा सल्ला कुशलतेचा वाटतो. प्रत्यक्षात तो गणिताला टिकत नाही. ०.५० मिमी मोठी रिंग वरच्या झिजलेल्या मापाला, ०.१५ मिमी झिजलेल्या जागी, बसवायची तर टोकांवरून सुमारे १.१ मिमी धातू काढावा लागेल. पण मग ती खाली, न झिजलेल्या भागात उतरली की टोके भिडतील. म्हणून फट खालच्या मापाला जुळवणे भाग आहे आणि त्यासाठी सुमारे १.५७ मिमी घासावे लागते. तेवढे घासले की वरच्या झिजलेल्या जागी फट पुन्हा ०.७४ मिमीच होते, स्टँडर्ड रिंगची होती तेवढीच. ज्या फटीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती एका केसानेही कमी झालेली नाही.

नुकसान मात्र नवे होते. रिंग मुळात वर्तुळाकार घडवलेली नसते. ठरलेल्या व्यासात दाबली असता सर्व बाजूंनी योग्य दाब पडेल अशा आकारात ती तयार होते. व्यास बदलला की तो हिशेब बिघडतो. टोके जास्त रेटतात, त्यांच्या शेजारी प्रकाश दिसेल इतकी फट पडते. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून खालून विजेरी धरली की हे डोळ्यांनी दिसते: बरोबर साइझच्या रिंगभोवती फक्त टोकाच्या फटीतून उजेड येतो, घासलेल्या रिंगभोवती दोन-तीन ठिकाणांहून.

खाच आणि कडा

नवी रिंग जुन्या पिस्टनवर चढवताना आणखी दोन ठिकाणी दगाफटका होतो. वरच्या रिंगची खाच सर्वाधिक उष्णतेत असते आणि बाहेरच्या तोंडाला पसरट झिजते. नवी रिंग खाचेत घालून तिच्या बाजूने फिलर गेज सरकवायचे, ०.१५ मिमीचे पान मोकळे गेले तर पिस्टन बाद समजावा. त्यात नवी रिंग टाकली तर ती पिरगळत राहते, तेल वर उपसते आणि शेवटी तुटते. खाच लेथवर रुंद करून पोलादी चकती बसवण्याचा उपाय मोठ्या, महागड्या पिस्टनपुरता योग्य आहे. छोट्या मोटारीत नवा पिस्टनच स्वस्त पडतो.

दुसरा धोका सिलिंडरच्या वरच्या कडेचा. रिंग जिथवर पोचते त्याच्या वरचा भाग न झिजल्याने तिथे नखाला लागेल अशी कड तयार होते. जुन्या रिंगचा वरचा कोपरा तिच्याच मापाने गोल झालेला असतो. नव्या रिंगचा कोपरा चौकोनी असतो आणि तो प्रत्येक फेऱ्याला त्या कडेवर आपटतो. काही आठवड्यांत रिंग तुटते किंवा पिस्टनची लँड चिरते, आणि दोष रिंग ‘डुप्लिकेट’ होती म्हणून दुकानदाराच्या माथी मारला जातो. पूर्वी वरचा कोपरा पायरीसारखा कापलेल्या खास रिंगा या कडेला चुकवण्यासाठी मिळत. कड रीमरने काढणे हा त्याहून सरळ मार्ग. पण कड नखाला ठळक लागत असेल तर तीच सांगत असते की बोअर मोजायची वेळ आली.

क्रोम, मोलिब्डेनम की साधी

रिंगचे नाव आणि डबा पाहून ‘क्रोम आहे म्हणजे उत्तम’ असे ठरवणे ही पुढची चूक. पर्याय खरोखर उपलब्ध असतात ते प्रामुख्याने जुन्या, रुंद रिंगांच्या इंजिनांत. साधी बीडाची रिंग भिंतीशी सर्वांत लवकर जुळते, पण लवकर झिजते. हार्ड क्रोमची रिंग धुळीला सर्वांत चांगली टिकते, पण बसायला वेळ घेते आणि बोअर नीट होन केलेला नसेल तर बसतच नाही. मोलिब्डेनमचा थर सच्छिद्र असल्याने तेल धरून ठेवतो आणि त्याचा द्रवणांक २६०० अंश सेल्सिअसच्या वर असल्याने उष्णतेत चिकटून खरवडत नाही; पण त्याच छिद्रांत धूळ अडकली तर ती भिंतीला घासत राहते. आणि क्रोमप्लेट केलेल्या लायनरमध्ये क्रोमची रिंग कधीही टाकायची नाही, हा नियम अपवाद जाणत नाही.

अलीकडच्या मोटारींत खाचेची रुंदी एक-सव्वा मिमी असते आणि रिंग बहुधा नायट्राइड केलेल्या पोलादाची असते. तिथे ‘भारी’ रिंग शोधण्यात अर्थ नाही. उत्पादकाने दिलेली रचनाच घ्यावी. चांगल्या ब्रँडचे नावही मापाची जागा घेऊ शकत नाही. नाशिकमध्ये बनणारी असो की चेन्नईत, रिंग डब्यावर छापलेल्या व्यासाचीच असते, आणि समोरचा बोअर त्या व्यासाचा आहे की नाही हे डबा सांगत नाही.

मोऱ्याच्या परिसरात निवडीचा कल क्रोमकडे झुकतो हे मान्य करायला हवे, पण त्याचे कारण वेगळे आहे. १९८९ साली न्हावा शेव्याचे बंदर सुरू झाल्यापासून उरण-पनवेल रस्त्यावर कंटेनर ट्रेलर आणि डंपरांची रांग असते, आणि त्यांनी उडवलेली धूळ मागच्या मोटारीच्या एअर फिल्टरवर येते. फिल्टरचे झाकण सैल किंवा होज चिरलेला असेल तर ही धूळ थेट सिलिंडरात जाते. ती वाट न बुजवता क्रोमच काय, कुठलीही रिंग टाकली तरी तिचे आयुष्य कमीच.

बोट आणि मोटार

मोऱ्यात हा वाद हमखास बोटींचे उदाहरण देऊन मिटवला जातो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, इंजिने उघडली जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोटी पुन्हा पाण्यात जातात. बोटीच्या इंजिनात दर काही वर्षांनी रिंगा बदलून काम भागते, मग मोटारीत का नाही, असा प्रश्न येतो.

उत्तर असे की बोटीवर बहुधा फक्त रिंगा बदलल्या जात नाहीत. बदलता येणारे लायनर असलेल्या डिझेल इंजिनाला ‘किट’ टाकतात: लायनर, पिस्टन, पिन आणि रिंगा एकत्र. म्हणजे बोअरच नवा येतो, आणि त्या कामाच्या यशाचे श्रेय रिंगेला दिले जाते. सगळ्याच डिझेल इंजिनांना असे लायनर असतात हेही खरे नाही. टाटांच्या ट्रकमध्ये आलेल्या कमिन्स बी मालिकेच्या ५.९ लिटर इंजिनात १०२ मिमीचा बोअर थेट ब्लॉकमध्येच आहे. ब्लॉक काढून बोअर करण्याला तिथेही पर्याय नाही. ट्रकवाल्यांच्या परिचयाचे टाटा ६९७ हे नावच ६ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर सांगते. इंजिन ओळखण्याच्या या पद्धतीतही बोअर पहिल्या ओळीत आहे.

वापरही वेगळा. बोट तासन्‌तास एकाच गतीने, एकाच भाराने चालते. मोटार सकाळी थंड सुरू होते, मोऱ्याहून उरणच्या बाजारापर्यंत काही किलोमीटर जाऊन बंद होते. तेवढ्यात भिंत नीट तापतही नाही, पाणी आणि आम्ल भिंतीवर साचून गंजाची झीज होते. समुद्राच्या पाण्यानेच थेट थंड होणारे इंजिन मीठ जमू नये म्हणून मुद्दाम कमी तापमानावर ठेवावे लागते, आणि तिथे झिजेचे मुख्य कारण गंज असते. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यालगत साचलेल्या गाळाचा त्रास बोटीच्या पाणीपंपाला होतो. रस्त्यावरची धूळ मात्र मोटारीच्या सिलिंडरात शिरते. दोन इंजिनांचे आजार वेगळे, म्हणून त्यांची रिंगही एका मोजपट्टीने ठरवता येत नाही.

मोजमाप, होनिंग आणि बसवणी

बोअर मोजायला डायल बोअर गेज हे योग्य साधन. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी, म्हणजे सहा जागी मोजायचा. अनेक छोट्या पेट्रोल मोटारींच्या मॅन्युअलमध्ये निमुळतेपणा किंवा लंबगोलपणाची मर्यादा ०.१० मिमी दिलेली असते. गेज नसेल तरी काम अडत नाही. जुनीच एक रिंग पिस्टनच्या डोक्याने ढकलून बोअरमध्ये काटकोनात, कडेच्या जरा खाली बसवायची आणि फिलर गेजने फट मोजायची. मग तीच रिंग अगदी खाली सरकवून पुन्हा मोजायची. वर ०.७० आणि खाली ०.३० मिमी आली तर फरक ०.४० मिमी, त्याला ३.१४ ने भागले की निमुळतेपणा ०.१३ मिमीच्या आसपास ठरतो. मर्यादा ओलांडली, बोअर करावा लागणार. लंबगोलपणा या पद्धतीने कळत नाही, पण सरासरी झीज झाकली जात नाही.

माप मर्यादेबाहेर गेले की क्रम पुढे आपोआप ठरतो. सर्वांत झिजलेला सिलिंडर साफ होईल अशी पुढची साइझ निवडायची, २०, ३० किंवा ४०; सगळे सिलिंडर त्याच साइझला बोअर करायचे; पिस्टन हातात आल्यावर प्रत्येक पिस्टनला जुळेल असा शेवटचा हात होनिंगने द्यायचा; आणि रिंगसेट त्याच साइझचा घ्यायचा. शेवटच्या साइझपुढे गेले तर स्लीव्ह.

होनिंगचा दगड रिंगेवर अवलंबून असतो. साध्या आणि क्रोमच्या रिंगेला साधारण १८० ते २२० ग्रिटचा, मोलिब्डेनमला २८० आणि पुढचा बारीक. भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी उठायला हवी. या रेषांत तेल टिकते आणि त्यांच्या शिखरांवर नवी रिंग स्वतःला बसवून घेते. काचेसारख्या गुळगुळीत जुन्या भिंतीवर नवी रिंग बसतच नाही. इथली सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे होन केलेला ब्लॉक फक्त रॉकेलने धुणे. रॉकेल तेलाचा चिकटा काढते, पण दगडाची पूड रेषांच्या तळाशी ढकलून ठेवते. ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने, ताठ ब्रशने घासून धुवायला हवा. मग ऑईल लावलेले पांढरे फडके भिंतीवर फिरवायचे. त्यावर राखाडी डाग उठत असेल तर पुन्हा धुवायचे. हे टाळले की नव्या इंजिनात पहिल्याच तासापासून घासणारी पावडर फिरू लागते.

बसवताना रिंगा हाताने पिरगळून चढवू नयेत, त्यांना कायमचा पीळ पडतो. रिंग एक्स्पँडर वापरावा. प्रत्येक सिलिंडरमध्ये त्याच्याच रिंगा घालून फट मोजावी आणि टोके पिस्टनभोवती फिरवून ठेवावीत, एका रांगेत येऊ देऊ नयेत. पहिले काही शे किलोमीटर गाडी हळूच चालवावी, हा सल्लाही अर्धाच खरा आहे. रिंग वायूच्या दाबाने भिंतीशी बसते, म्हणून मध्यम भार द्यायलाच हवा. नव्या इंजिनाला तासभर जागेवरच आयडलिंगवर ठेवणे हे सर्वांत वाईट: दाब कमी, तेल भरपूर, आणि भिंतीवर चकाकी चढून जाळीच बुजते.

पैशाचा मुद्दा

या सगळ्यावर शेवटचा आक्षेप पैशाचा असतो आणि तो खोडून काढण्यापेक्षा समजून घ्यावा असा आहे. बोअर, पिस्टन, होनिंग यांचा खर्च रिंगसेटच्या कितीतरी पट. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. दोन वर्षांत गाडी काढून टाकायची असेल तर पूर्ण काम कशाला, हा प्रश्न रास्त आहे.

पण त्याचे उत्तरही मापातच आहे. निमुळतेपणा मर्यादेत असेल, खाचेची फट ठीक असेल, वर कड नसेल किंवा काढलेली असेल आणि पिस्टनचा घेर शाबूत असेल, तर बोअर हलके होन करून स्टँडर्ड रिंगा टाकणे हे योग्य आणि स्वस्त काम आहे. त्याला तडजोडही म्हणता येत नाही. माप मर्यादेबाहेर असताना केलेले तेच काम महाग पडते. हेड उघडणे, सम्प खाली घेणे, गॅस्केट किट, ऑईल, मजुरी हा सगळा खर्च रिंगेच्या किमतीपेक्षा मोठा आणि दुसऱ्यांदा पुन्हा तसाच. मालकाने आकडे पाहून ‘एक वर्ष पुरे’ असे ठरवले तर तो त्याचा व्यवहार. आकडे न दाखवता त्याला ‘इंजिन नवे झाले’ सांगणे ही फसवणूक.

म्हणून रिंगा टाकायच्या की नाही, हा प्रश्न गॅरेजमध्ये मालकाला विचारण्याचा नाहीच. मेकॅनिकने आधी पाच आकडे कागदावर लिहून द्यावेत: कोरडे आणि ओले कॉम्प्रेशन, बोअरचा निमुळतेपणा, लंबगोलपणा, खाचेची फट आणि पिस्टनचा व्यास. हे आकडे हातात असले की साइझ, रिंगचा प्रकार आणि होनिंगचा दगड तिन्ही ठरतात. ते नसतील तर डब्यावर कुठलेही नाव असले तरी ती निवड ठरत नाही.